फोम घेण्याआधी मांजरपाट घे

ऐरोलीच्या एका मुलीने विचारलंय. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुई हातात धरलेली नाही, पण घरी आईचं पायाचं शिलाई मशीन आहे. घर वन बीएचके. हातात तीन महिने आणि पाच हजार रुपये. तिला कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख करून कार्यक्रमाला जाण्यासाठी, एका ॲनिमेतली (जपानी ॲनिमेशन मालिकेतली) योद्धा व्हायचंय : घोट्यापर्यंत लांब कोट, छातीचं चिलखत, दोन्ही खांदे, मनगटपट्टे, शिंगांचं शिरस्त्राण आणि जवळजवळ तिच्याच उंचीची तलवार. ती विचारते, "ताई, फोम कोणता घेऊ, कुठून घेऊ, आणि तीन महिन्यांत सगळं होईल का?"

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. सगळं होणार नाही. कोट, एक खांदा आणि दोन मनगटपट्टे होतील, आणि नीट होतील. छातीचं चिलखत वेळ उरला तर. शिरस्त्राण आणि तलवार पुढच्या खेपेला. तुझा हिरमोड होईल हे मला कळतं. पण कॉलेज, सबमिशन आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केलास तर आठवड्याला आठ-दहा तास उरतात. बारा आठवड्यांचे झाले साधारण शंभर. पहिलाच कोट शिवणारीचे त्यातले चाळीस कोटालाच जातात, आणि जायलाच हवेत. मी पाहिलेल्या बहुतेक अर्धवट पोशाखांची गोष्ट एकच होती : शिरस्त्राणापासून सुरुवात केली, दोन महिने त्यातच गेले, आणि शेवटच्या आठवड्यात बाकीचं सगळं सेफ्टी पिनांवर उभं राहिलं.

मी ठाण्यात राहते. वीस वर्षं नाटकांच्या कपडेपटात काढली, त्यातले कितीतरी प्रयोग गडकरी रंगायतनच्या विंगेत सुईदोरा घेऊन उभी राहून. गेली काही वर्षं तुझ्या वयाच्या मुलामुलींना कॉस्प्लेचे पोशाख करायला शिकवते. कपडेपटात आमचे मास्तर ऐतिहासिक नाटकाचा अंगरखा शिवायला घेतला की कच्च्या टाक्यांवरचा अंगरखा नटाला घालायला लावायचे. मग त्याला खाली मांडी घालून बसवायचे, उठवायचे, मुजरा करायला सांगायचे, दोन्ही हात वर करायला लावायचे. जिथे कापड ओढलं जाईल तिथे खडूची खूण. अस्तर आणि जर त्यानंतर. मला तेव्हा वाटायचं, एवढा वेळ कशाला घालवायचा. पुढे मी स्वतः पहिलं फोमचं चिलखत केलं ते चित्रावरून मापं काढून, आणि ज्या मुलासाठी केलं त्याला उभं करूनच घालून पाहिलं. दिसायला ते सुंदर होतं. पण त्याची खालची कड कमरेच्या खाली चार बोटं आली होती. मुलगा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत एकदाही नीट बसू शकला नाही. रात्री त्याने मांड्यांवरचे वळ दाखवले. ते वळ मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला हेच सांगते : पोशाख अंगावर बेतायचा असतो, चित्रावर नाही.

म्हणून फोमचा प्रश्न थोडा बाजूला ठेव. आधी कापड.

या छंदाची सुरुवातही शिवणातूनच झाली आहे. १९३९ साली न्यू यॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून गेले होते. दोघांचेही कपडे मर्टलने शिवले होते. 'कॉस्प्ले' हा शब्द जपानमध्ये रुळला तो त्यानंतर चार दशकांनी. आज फोन उघडला की फक्त चिलखतं आणि तलवारी दिसतात, त्यामुळे नव्या मुलांना वाटतं की कॉस्प्ले म्हणजे फोम. पण जवळ उभं राहून पोशाख बघणारा माणूस आधी कोट खांद्यावर कसा बसलाय तेच बघतो. कोट ढगळ असेल तर त्यावरचं उत्तम चिलखतही उसनं आणल्यासारखं वाटतं.

पहिलं काम मोजमापाचं. त्या पात्राचं समोरून उभं, पायापासून डोक्यापर्यंत दिसणारं चित्र मोठं छापून घे. समजा तुझी उंची १५६ सेंमी आहे आणि छापलेल्या चित्रातली उंची २६ सेंमी आली. म्हणजे चित्रातला प्रत्येक सेंटिमीटर तुझ्यावर सहा सेंटिमीटर. चित्रात खांद्याचं कवच तीन सेंमी रुंद असेल तर तुझं अठरा. हा हिशेब सगळ्या तुकड्यांचा करून वहीत लिही. पण तो अंतिम मानू नकोस. काढलेली पात्रं बऱ्याचदा आठ डोकी उंच असतात, तर आपण हाडामांसाची माणसं सात-साडेसात डोकी. त्यांचे पाय आपल्यापेक्षा लांब, डोकं लहान, कंबर वर. त्यामुळे लांबीची मापं शक्यतो सेंटिमीटरमध्ये न घेता शरीराच्या खुणांवर घे. कोटाची कड घोट्याच्या वर किती बोटं, पट्टा बेंबीच्या वर की खाली, मनगटपट्टा कोपरापासून किती दूर संपतो. या खुणा जुळल्या की माप थोडं चुकलं तरी डोळ्याला पात्र ओळखू येतं.

मग कवचाचे आकार वर्तमानपत्रातून काप, जुन्या टी-शर्टवर चिकटव, आणि घरच्या कुणाला तरी सहा-सात फुटांवरून, फोन छातीच्या उंचीवर धरून फोटो काढायला सांग. आरशात जे ठीक वाटतं ते फोटोत मोठं किंवा लहान निघतं. हे काम एका संध्याकाळचं आणि फुकटचं आहे. खांद्याचं कवच चित्रात असतं त्याहून दोन बोटं लहान करावं लागेल, नाहीतर मान वळवताना ते गालाला लागतं. बहुतेक सगळ्यांना ते कमी करावंच लागतं.

आता मांजरपाट, म्हणजे कोट आधी कच्चा शिवून बघायचं साधं सुती कापड. चार मीटर घे. रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर. तुझ्या अंगाला खांद्यात आणि छातीत बरोबर बसणारा एक साधा कुर्ता किंवा शर्ट निवड. तो उभा दुमडून वर्तमानपत्रावर पसर आणि बाहेरून पेन्सिलने रेघ मार : पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाही वेगळी. शिवण शिकणाऱ्या मुली पुस्तकी ड्राफ्टिंग करतात, ते पुढे तूही शीक. पण पहिल्या कोटाला आपल्याच चांगल्या कपड्याची नक्कल पुरते. कोट आतल्या कपड्यांवरून घालायचा असल्यामुळे छातीच्या मापात दहा-बारा सेंमी सैलपणा धर. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडायचं जास्तीचं कापड, बाजूच्या शिवणीला तीन सेंमी, बाकी ठिकाणी दीड सेंमी. नवखी मुलं माया ठेवायला कचरतात, कापड वाया जातं म्हणतात. माया हा तुझा दुरुस्तीचा राखीव साठा आहे. ती नसेल तर चुकलेला कोट फक्त लहान होऊ शकतो, मोठा कधीच होत नाही.

मांजरपाट मशीनवर सर्वांत लांब टाक्यावर शिव, म्हणजे उसवायला सोपं. मग घाल आणि मास्तरांची परीक्षा दे. मांडी घाल. जिना चढ. हात वर कर, जणू लोकलमधली वरची कडी पकडायची आहे. पाठीमागे हात नेऊन केस बांध. तू पहिल्यांदाच शिवत असशील तर हात वर केल्यावर सगळा कोट वर उचलला जाईल, आणि तुला वाटेल की मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, लहान झाला, मोठा करायला हवा. इथेच जवळजवळ सगळे चुकतात. मुंढा जितका खाली, तितका हात वर जाताना कोट जास्त ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवायचा आणि बाहीच्या वरच्या भागाला रुंदी द्यायची. त्यानेही भागलं नाही तर बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा तिरका लावायचा. जुन्या अंगरख्यांना असा तुकडा असायचा, म्हणूनच ते घालून तलवार चालवता यायची. तुझ्या योद्ध्यालाही फोटोसाठी हात वर करायचेच आहेत.

जिथे ओढ येते तिथे मांजरपाट सरळ काप आणि फाट किती उघडते ते बघ. तेवढी रुंदी तिथे कमी आहे. जिथे चुण्या पडतात तिथे टाचण्या लावून आत घे. सगळ्या खुणा पेनने मांजरपाटावरच लिही. दुरुस्त झालं की उसव, तुकडे इस्त्री कर, आणि आता हेच तुकडे तुझा खरा नमुना. वर्तमानपत्र फेकून दिलंस तरी चालेल.

कोटाच्या खऱ्या कापडासाठी मस्जिद स्टेशनला उतरून मंगलदास मार्केट, किंवा दादरला हिंदमाता. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातही अस्तर, इलॅस्टिक, चेन, टिचबटणं असं सगळं किरकोळ सामान मिळतं, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. कापड निवडताना फोटो दाखवून मागू नकोस. दुकानदार चकाकणारं साटिन पुढे करेल. फ्लॅशच्या उजेडात साटिन प्रत्येक सुरकुती दाखवतं आणि नवख्या हातातून घसरतं. तू सुती ड्रिल किंवा जाडसर सूटिंग घे. मुठीत दाबून सोड. चुरगळा राहिला तर ठेवून दे, हळूहळू सुटला तर घे. रेक्झिनचा कोट या हवेत नकोच. आपल्याकडच्या दमट हवेत एका तासात आतून भिजतो. चामड्याचा भास हवा असेल तर फक्त कॉलर, कफ आणि पट्टा रेक्झिनचा कर. शिवताना मशीनचा पाय त्यावर चिकटतो, तेव्हा मध्ये बटर पेपरची पट्टी धर आणि नंतर फाडून टाक. ड्रिलला १६ नंबरची सुई लाव, मांजरपाटाला १४ पुरते. पायाचं मशीन आहे हे तुझं भाग्य आहे. ते तुझ्या पायाच्या वेगाने चालतं, वळणावर एकेक टाका घेता येतो. विजेच्या मशीनवर शिकणाऱ्या मुलांच्या पहिल्या कॉलरी मी पाहिल्या आहेत.

आणि आईला बरोबर घे. तिला या पात्राचं नाव माहीत नसेल, पण मुंढा कसा लावतात हे तिच्या बोटांना माहीत आहे.

आता फोम. तुला हवाय तो ईव्हीए फोम. हलक्या चपलांचे तळ आणि जिममध्ये एकमेकांत अडकवायच्या जाड चटया असतात तो. पॅकिंगवाल्यांकडे मिळणारा पांढरा, हलका, बुडबुडे दिसणारा फोम वेगळा, तो ईपीई. दुकानदारही कधीकधी दोघांना एकच नाव देतो, त्यामुळे ओळख तुलाच हवी. नख दाबून बघ. ईव्हीए रबरासारखा दबतो, हळूहळू वर येतो, त्याचा काप घट्ट आणि एकसारखा दिसतो. ईपीई दाबल्यावर कुरकुरतो, आणि गरम हवा लागली की आक्रसतो. मशीद बंदरच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर क्राफ्टच्या सामानात पातळ ईव्हीए शीट मिळतात. जाड हवं असेल तर चपला-बुटांचं कच्चं सामान विकणाऱ्यांकडे विचार. तुला ५ मिमीच्या दोन शीट आणि नक्षीसाठी २ मिमीची एक एवढंच पुरे. १० मिमी फोम छातीच्या चिलखतासाठी, तो आत्ता घेऊ नकोस.

मनगटपट्टा पहिला कर. तो जवळपास सपाट तुकडा आहे, फक्त वळवायचा. चुकला तर तळहाताएवढा फोम गेला, पण कापणं, तापवणं, चिकटवणं आणि बांधणं ही चारही कामं त्यात शिकून होतात. आकार काढायला हातावर पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण गुंडाळ, वेलीसारखं घट्ट नाही, नुसतं लगटून. त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. टेपवर पेनने पट्ट्याची कड, मधली रेघ आणि जोडाच्या आडव्या खुणा काढ. मग दुसऱ्या कुणीतरी बोथट टोकाच्या कात्रीने ते आतल्या बाजूने कापायचं. सपाट होणार नाही तिथे चीर दे. हाच तुझा साचा. तो खाकी खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरव, घालून बघ, मगच फोमवर.

जाडीचा हिशेब मात्र नीट समजून घे. हातावरून काढलेल्या साच्यात फोमची जाडी नसते. ५ मिमी फोम हाताभोवती पूर्ण गुंडाळला आणि त्यावर ५ मिमीचाच दुसरा थर बसवायचा असेल, तर वरच्या थराला सुमारे ३ सेंमी जास्त लांबी लागते. १० मिमी असेल तर सहा सेंमीहून थोडी जास्त. माझ्याकडे येणारी मुलं थर एकाच मापाचे कापतात आणि मग टोकं जुळत नाहीत म्हणून गोंदाला दोष देतात.

कापायला मोडता येणाऱ्या पात्यांचा कटर घे आणि पाती मोडायला हात आखडता घेऊ नकोस. फोम पातं फार लवकर बोथट करतो. बोथट पात्याचा काप दातेरी येतो आणि ती कड पुढे कशानेच लपत नाही. करवतीसारखं मागेपुढे नको, एकाच दिशेने लांब ओढ. पातं सरळ उभं धरलंस तर सपाट जोड मिळतो, तिरकं धरून दोन्ही कडा उतरत्या कापल्यास तर घराच्या छपरासारखा कोन मिळतो. तुझ्या मनगटपट्ट्याच्या मधोमध जो धारदार उंचवटा आहे तो असाच होतो.

मग हीट गन. विकत घेऊ नकोस. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे असते, एक दिवस मागून आण. केस वाळवायचं ड्रायर पुरत नाही. गन सतत हलती ठेव. फोमचा मळकट पृष्ठभाग बघता बघता तुकतुकीत होतो, तीच वेळ. लगेच हाताभोवती किंवा बाटलीभोवती वाकव आणि गार होईपर्यंत धरून ठेव. हातमोजे घाल. आकार तसाच राहतो, आणि तापलेला पृष्ठभाग बंद झाल्यामुळे रंगही कमी पितो. आंबूस, व्हिनेगरसारखा वास यायला लागला तर फोम जळू लागलाय, गन लांब ने आणि खिडकी पूर्ण उघड.

चिकटवण्यासाठी चपला आणि सोफ्याचं काम करणारे वापरतात तो रबराचा पिवळसर गोंद, फेव्हिकॉल एसआर. पांढरा फेव्हिकॉल फोमचे जोड धरत नाही. फेविक्विक लगेच धरतं पण तो जोड काचेसारखा कडक होतो, वाकला की सुटतो, आणि आजूबाजूला पांढरा डाग पडतो. ग्लू गनचा जोड उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मऊ पडतो. रबराचा गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासा झाला की खुणेला खूण जुळवून दाबायचं. एकदा टेकला की पुन्हा सुटत नाही, म्हणून आधी दोन्ही टोकं, मग मधलं. पावसाळ्यात या गोंदाची फार काळजी घे. द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. मग दोन बाजू दाबल्या तरी जोड वरवरचा होतो आणि नेमका कार्यक्रमाच्या दिवशी उकलतो. मुसळधार पावसाच्या दिवशी कापाकापी कर, गोंद कोरड्या दुपारी.

इथे थोडं थांबते, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुझं घर वन बीएचके आहे, आणि या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. स्वयंपाकघराला लागून कधीही गोंद उघडू नकोस. शेगडी बंद, देवापुढचा दिवा शांत झालेला, उदबत्ती नाही, आणि हीट गन त्याच वेळी चालू नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क ही वाफ अडवत नाही. रंगारी वापरतात तो, गाळणीचे डबे लावलेला मास्क लागतो. पाच हजारांतले पहिले पैसे त्या मास्कवर घाल, अगदी फोमच्याही आधी. फोम घासलास तर त्याची धूळ वेगळी, तिलाही तोच मास्क धुळीच्या गाळणीसकट. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर काम कर. नाही जमलं तर बाल्कनीत, वाफ घरात येऊ नये म्हणून मधलं दार नुसतं ओढून घेऊन, कडी न लावता; घरात लहान मूल किंवा दम्याचा कुणी असेल तर तेही नाही. मी ज्यांना शिकवते त्यांच्यातली एक मुलगी बंद बेडरूममध्ये रात्री गोंद लावत बसली आणि चक्कर येऊन पडली. तिला काही झालं नाही, पण दार आतून लावलेलं होतं. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

कवच अंगावर कसं टिकणार हे रंगवण्याआधी ठरव. पट्टा फोमला नुसता चिकटवला तर पहिल्या तासात निघतो. फोमला चीर दे, पट्टा त्यातून आत घे, मागे त्याची शेपटी पसरव आणि वरून फोमचाच तुकडा चिकटव. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे प्लॅस्टिकची बकलं मिळतात, वेल्क्रोपेक्षा ती बरी, कारण वेल्क्रो घामाने आणि कोटाच्या धाग्यांनी भरून जातो. खांद्याचं कवच कोटावर टाचू नकोस, कोट ओढला जाईल. आतून एक रुंद पट्टा छातीवरून दुसऱ्या काखेत ने, पिशवीच्या पट्ट्यासारखा. भार हाडावर यायला हवा, कापडावर नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवातले, मुखवटे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगावं लागत नाही. एवढा मोठा मुखवटा चढवून रात्री नाचणारा माणूस आधी डोक्याला कापड बांधून बैठक तयार करतो. शिरस्त्राण करशील तेव्हा हे आठव.

रंगाबद्दल थोडक्यात. तापवून झाल्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून चार पातळ हात मार, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. एकच जाड हात दिलास तर वाकल्यावर तडकतो. आतली बाजू तशीच सोड, घामाने तो थर पुन्हा मऊ होतो. मग काळा ॲक्रेलिक, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, फक्त उंचवट्यांवर. खोबणीतला काळा तसाच राहू दे. धातूचा भास त्या काळ्यामुळे येतो. विग घ्यायचा असेल तर उष्णता सहन करणाऱ्या धाग्याचा आहे का विचार, साध्या विगला केस सरळ करायचं गरम यंत्र लावलं की तो वितळतो.

पैशांचं म्हणशील तर मांजरपाट, कोटाचं कापड, दोरा, चेन मिळून दोन हजारांत बसव. मास्क, गोंद, पाती आणि फोम यांना दोन हजार. रंग-ब्रशला पाचशे. उरलेले पाचशे शेवटच्या आठवड्यासाठी हात न लावता ठेव, त्या आठवड्यात काहीतरी संपतंच. बूट नवे घेऊ नकोस. जुन्या काळ्या बुटांवरून रेक्झिनची गवसणी चढव. आणि एखादी गोष्ट शिवून घेतलीस किंवा विकत आणलीस तर त्यात कमीपणा नाही, फक्त स्पर्धेत विचारलं तर खरं सांग. काम चालू असतानाचे फोटो काढून ठेव. परीक्षक ते मागतात, आणि उलगडून दाखवलेली एक शिवण त्यांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी पूर्ण पोशाख घालून घरात तीन तास राहा. जेव, पाणी पी, बाथरूमला जाऊन ये, इमारतीचा जिना चढ-उतर, रिक्षात बसून बघ. जिथे टोचेल तिथे दुरुस्तीला अजून दहा दिवस आहेत. आत सुती बनियन आणि लेगिंग घाल. त्या दिवशी ऐरोलीहून ठाण्याला आणि पुढे लोकलने जाताना कोट घडी करून पिशवीत, कवचं कपड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत. तयार तिथे पोचूनच हो. पुढच्या वर्षी तलवार केलीस तर ती दोन-तीन तुकड्यांत जोडता येईल अशी कर आणि कापडात झाकूनच गाडीत ने. गर्दीत लोकांना ती फोमची आहे हे कळत नाही. आयोजकांचे शस्त्रांबद्दलचे नियम आधी वाच. गोंदाचा डबा बरोबर नेऊ नकोस, लोकलमध्ये पेट घेणारं सामान चालत नाही. दुरुस्तीला फेविक्विकची एक ट्यूब, काळी टेप, सुईदोरा, सेफ्टी पिना पुरतात. तिथे मात्र फेविक्विकच चालेल, संध्याकाळपर्यंत तग धरला की झालं.

घरी आल्यावर दमलेली असशील, तरी कोट उलटा करून वाऱ्यावर टाक आणि कवचं आतून ओल्या फडक्याने पुस. माळ्यावर टाकू नकोस. वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली मे महिन्यात फोम चपटा होतो आणि तसाच राहतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून कपाटाच्या तळाशी ठेव. मांजरपाटाचे ते तुकडे टाकू नकोस. प्रत्येकावर तारीख आणि त्या दिवसाची तुझी मापं लिही, घडी कर, आणि आईच्या मशीनच्या खणात ठेव. पुढचा कोट त्यावरूनच निघेल.